दुसरी नक्षी

घर्षणाने प्रत्येक वस्तू झिजते, हा निसर्गाचा नियम आहे. तो कोणत्या तारखेपासून लागू करायचा, हे मात्र संघटना ठरवते.

कासू–नागोठणे–रोहे सहा आसनी चालक-मालक संघाने हा प्रश्न १९९४ सालीच निकालात काढला होता. संघाचे अध्यक्ष हैबतराव यांनी एका सरकारी कचेरीत तीस वर्षं बदल्या-बढत्यांच्या फायली सांभाळल्या होत्या आणि निवृत्त झाल्यावर तीन सिक्स सीटर रिक्षा घेतल्या होत्या. साहजिकच टायरकडे ते कर्मचारी म्हणून पाहत. नव्या टायरची नेमणूक पुढच्या चाकावर होई, कारण पुढचं चाक पोलिसांना, प्रवाशांना आणि सासुरवाडीला आधी दिसतं. तिथली झळाळी उतरली की त्याची मागे डावीकडे बदली. डावीकडे रस्त्याची तुटकी कड आणि खडी, म्हणजे अवघड क्षेत्रातली सेवा. ती निमूटपणे केली तर उजवीकडे बढती. आणि अखेरीस स्टेपनी, म्हणजे मानद सल्लागार: सगळीकडे बरोबर हिंडायचं, काम काही करायचं नाही. मुदतवाढ मागेल त्याला मिळे. (पूर्ण निवृत्तीनंतर खाडीवर होडीच्या अंगाला बांधून घेण्याची सोय होती. तिथे हवापालट होई.)

कासूचा जगन हा संघाचा श्रद्धाळू सभासद. त्याची गाडी कागदावर सहा आसनी होती आणि रस्त्यावर अकरा. मागे आठ, जगनच्या दोन्ही बाजूंना एकेक आणि अकरावा दांड्याला धरून बाहेर. बाहेरच्याचं वजन हवेत असल्यामुळे ते टायरवर येत नाही, असं संघाचं शास्त्रीय मत होतं.

एका सकाळी नागोठण्याच्या नाक्यावर गाडी धुताना जगनला मागच्या डाव्या टायरमध्ये काहीतरी दिसलं. टायर तसा टकलाच. पण त्याच्या उरल्यासुरल्या खाचांमधून, ठरावीक अंतरावर, रबराचे आडवे उंचवटे वर आले होते. जगनने बादली खाली ठेवली.

"अध्यक्ष, जरा बघा. टायरला नवी नक्षी फुटली."

हैबतराव चष्मा लावून उकिडवे बसले. बराच वेळ त्यांनी त्या उंचवट्यांवरून बोट फिरवलं.

"फुटणारच," ते म्हणाले. "कंपनी काय येडी हाय? वरच्या नक्षीखाली दुसरी ठेवलेली असते. पोराच्या दातांचं काय होतं? दुधाचे पडले का पक्के येतात. हे पक्के."

त्याच आठवड्यात परिपत्रक निघालं: दुसरी नक्षी पूर्ण उमलेपर्यंत कोणीही टायर बदलू नये. पाहणी झाली. एकोणतीस गाड्यांची सत्त्याऐंशी चाकं तपासली. एकसष्ट चाकांवर दुसरी नक्षी दिसत होती. एकोणीस चाकांवर ती येऊन गेली होती. उरलेल्या सात चाकांवर अजून पहिलीच होती. त्यांच्या मालकांना गाडी पुरेशी चालवत नसल्याबद्दल समज देण्यात आली.

विरोधी मत एकच आलं. नाक्यावर पंक्चर काढणारे अहमदभाई मस्कतला नऊ वर्षं टायरच्याच दुकानात होते.

"अरे बाबांनो, ती नक्षी नाय," ते म्हणाले. "ती कंपनीची खूण हाय. उंचवटे पहिल्यापासून खाचेत असतात. वरचं रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं का टायर संपला. तिकडं त्या खुणेला टायर काढून टाकतात."

"तिकडचे रस्ते गुळगुळीत, अहमदभाई," हैबतराव समजावणीच्या सुरात म्हणाले. "म्हणून तिकडं टायरला नक्षी लागते. आपल्याकडं रस्त्यालाच नक्षी हाय. दोघांपैकी एकाला असली का झालं."

या युक्तिवादात भौतिकशास्त्राच्या दृष्टीने चूक काढणं अवघड आहे, निदान वडखळच्या पुढे तरी. शिवाय अहमदभाई टायर विकत. टायर विकणारा टायर बदला म्हणाला, यात पुरावा कसला? त्यांचं मत इतिवृत्तात 'व्यावसायिक' म्हणून नोंदलं गेलं.

जगनची अडचण घरातून सुरू झाली. त्याची बायको सरू बारावी सायन्स होती आणि मोजल्याशिवाय बोलत नसे. तिला आठवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे रोह्याला, आणि पुढच्या सोमवारी तिला तिथे पोचवायचं होतं. रविवारी दुपारी ती काडेपेटी आणि फूटपट्टी घेऊन अंगणात आली. प्रत्येक टायरच्या खाचेत तिने एक काडी उभी धरली, नखाने खूण केली आणि काडी पट्टीवर ठेवली. पुढचा तीन मिलिमीटर, उजवा एक. डाव्या टायरपाशी तिने काडी परत पेटीत ठेवली.

"इथं काडीला उभं राहायला जागा नाय."

"अगो, ती दुसरी नक्षी हाय," जगन म्हणाला.

"व्हय? मग तिसरी कधी येते?"

"तिसरी नाय येत."

"मग दुसरीनंतर काय येतं?"

जगनने विचार केला. दुसरीनंतर ट्यूब येत होती.

"मी उद्या एसटीनं जाईन," सरू म्हणाली आणि पट्टी पुसून आत गेली.

यातला धोका शहरातल्या माणसाला कळायचा नाही. ज्याच्या दारात स्वतःची गाडी उभी आहे, त्याची बायको पहिल्या बाळंतपणाला एसटीने माहेरी उतरते, हे रोह्याच्या स्टँडवर एकाने जरी पाहिलं असतं तर जगनला बारशाला तोंड दाखवता आलं नसतं. सासरे विचारणार, गाडी विकली का? मेव्हणा विचारणार नाही, नुसता हसेल. ते जास्त.

जगनने गाडी थेट अहमदभाईंकडे नेली.

"एकच बदलला तर?"

"पुढचा बदललास तर गाडी दिसेल बरी. मागचा बदललास तर थांबेल बरी," अहमदभाई म्हणाले. "जुन्यावर नवं रबर चढवलेलेही हायत माझ्याकडं. पण आत कोण बसणार हाय?"

"सरू."

"मग इचारतोस कशाला?"

जगनने गाडीतला टेप आणि चार स्पीकर तिथेच काढून दिले आणि तिन्ही टायर नवे घातले. संध्याकाळपर्यंत संघाची कारणे दाखवा नोटीस आली: दुसरी नक्षी शिल्लक असताना तीन टायर एकदम सेवेतून का काढले? जगनने खाली एका ओळीत खुलासा लिहिला, 'उद्या गाडीत माझी बायको बसणार आहे.'

हैबतरावांनी तो दोनदा वाचला. मग दार लोटून घेतलं.

"येड्या, हे लिहून देतोस? याचा अर्थ काय निघतो?"

"काय निघतो?"

"का बाकीच्या दिवशी लोकांच्या बायका बसतात!"

खुलासा दप्तरी दाखल न करता फाडण्यात आला.

सोमवारी सरूला मागच्या सीटवर नीट बसवून जगन नागोठण्याच्या नाक्यावर रोह्याच्या लाइनीत लागला. आणखी फक्त पाच जण घेणार, कोंबणार नाही, असं त्याने सरूला कबूल केलं होतं. शेजारी संघातल्याच पोपटची गाडी. तिचे तिन्ही टायर येऊन गेलेल्या नक्षीचे. आत नऊ माणसं आणि चालू गाणं.

"रोहा, रोहा! टायर नवे हायत, बसा!" जगन ओरडला.

सुक्या जवळ्याची पिशवी घेतलेली मालूबाय थबकली. तिने आत डोकावलं.

"ही तर रिकामी हाय रे."

"अगो मावशी, टायर बघ तरी."

"टायर काय भाकरीसंगं खायचेत? सुटतोस कधी ते सांग." आणि ती पोपटच्या गाडीत दहावी झाली.

रिकामी गाडी भरेपर्यंत सुटत नाही आणि सुटत नाही म्हणून भरत नाही, हा वाहतुकीचा मूलभूत सिद्धांत आहे. पोपटने अकरावा घेतला आणि गाडी उडवली. जगन अर्धा तास थांबला. मग एकट्या सरूला घेऊन निघाला.

भिसे खिंडीत पोपटची गाडी डोंगराच्या बाजूला कलून उभी होती. मागचा डावा फुटला होता. कोणाला काही झालं नव्हतं; जवळा मात्र रस्त्यावर पसरला होता आणि मालूबाय तो वेचत पोपटच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. जगनने गाडी थांबवली. सरूने बाहेर डोकावून पाच जागा आहेत म्हणून सांगितलं.

"दोन मिनटांत सुटतो!" पोपट स्टेपनी काढत ओरडला. "उतरलात तर सीट जाईल, सांगून ठेवतो!"

कोणी हललं नाही. मालूबायनेसुद्धा पिशवी झटकून आपली जागा धरली. जगन पुढे निघाला आणि पाऊण तासात सरू माहेरच्या दारात उतरली. सासऱ्यांनी आधी पुढचं चाक पाहिलं.

संघाने रीतसर चौकशी केली. टायर फुटण्याचं कारण अहवालात 'प्रवाशांची घाई' असं दिलं आहे. संघाच्या इतिहासात एवढं अचूक निदान दुसरं नाही. दहा प्रवाशांचे जबाब जोडले आहेत. अकरावा सापडला नाही, तो दांड्याला धरून होता आणि खिंडीत जगनच्या गाडीकडे पाहून म्हणाला होता, "एवढी रिकामी जाते म्हणजे गाडीत काहीतरी गडबड असणार."

त्याच्या जबाबासाठी चौकशी अजून उघडी आहे. तुम्हाला सवड होईल तेव्हा येऊन जबाब देऊन जा.