गवेसरांचे दोनशे बारा डोळे

एका जंगलात, बाळांनो, सगळं होतं. नदी होती, करवंदं होती, हवी तेवढी सावली होती. एवढं असूनही तिथे कोणी सुखात नव्हतं, कारण तिथे शाळाही होती.

शाळेचं नाव अंजनमाळ विद्यालय. मुख्याध्यापक एक गवा होते. सगळे त्यांना गवेसर म्हणत. गवेसर व्हरांड्यात आले की आधी जमीन हादरायची, मग मुलं. संस्थेचे अध्यक्ष होते तरसराव. ते तरस होते. दुसऱ्याने केलेल्या शिकारीवर आयतं येऊन बसायची त्यांना जन्मजात सवय होती, म्हणून सगळ्यांनी एकमताने त्यांना अध्यक्ष केलं.

या शाळेत दहावीला मृदुला नावाची मुलगी होती. मृदुला साळिंदर होती. साळिंदराच्या मुलीचं नाव मृदुला ठेवणारे आईवडील किती आशावादी असतील, विचार करा. तिला कॉम्प्युटरचं वेड होतं. शाळेची घंटा बिघडली की शिपाईमामा तिला बोलवायचे. प्रिंटर अडकला की गवेसर तिला बोलवायचे, आणि प्रिंटर चालू झाला की विचारायचे, "तास बुडवून इथे काय करतेस?"

एका वर्षी संस्थेने प्रत्येक मुलाला लॅपटॉप दिला. दोनशे बारा मुलं, दोनशे बारा लॅपटॉप. सोबत एक संमतीपत्र आलं. त्यावर पालकांची सही हवी होती.

मृदुलाची आई म्हणाली, "कुठे करू?"

"आई, आधी वाच तरी."

"शाळेचा कागद आहे. त्यात वाचायचं काय? फुली मारलीय तिथे सही करायची असते."

अख्ख्या जंगलाने फुली मारली होती तिथे सही केली.

सातव्या ओळीत लिहिलं होतं, की विद्यार्थ्याच्या सर्वांगीण विकासासाठी शाळेला लॅपटॉपचा कॅमेरा कधीही सुरू करता येईल. घरीसुद्धा.

विकासाला लगेच सुरुवात झाली. सोमवारी प्रार्थना संपल्यावर गवेसरांनी गिरिजा भेकराला सगळ्यांसमोर उभं केलं. "काल संध्याकाळी सहा वाजता आईची साडी नेसून आरशासमोर कोण नाचत होतं?"

शाळा हसली. शिक्षकही हसले. गिरिजा मंगळवारी आली नाही. बुधवारीही आली नाही.

गिरिजा मृदुलाच्या बाकावर बसायची. मृदुलाने घरी जाऊन कॅमेऱ्यावर पळसाच्या पानाचा तुकडा चिकटवला. दुसऱ्या दिवशी तिने वर्गाला सांगितलं. आठवडाभरात गवेसरांना कार्यालयात बसून जिकडे तिकडे पळसच दिसायला लागला.

ते वर्गात आले. "पान का लावलंस?"

"सर, मी घरी असते तेव्हा."

"घरी काय करतेस?"

"काही नाही सर. घरी असते."

"म्हणजे काहीतरी लपवतेस."

याला, बाळांनो, मोठ्यांचं तर्कशास्त्र म्हणतात. ते कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. लिहून काढलं तर मोठ्यांनाच वाचवणार नाही.

पानं काढायला लावली. जो लावेल त्याच्या पालकांना बोलावणार, अशी तंबी मिळाली. पालक आले, आणि पालकांनी मुलांनाच झापलं. "सर बघतायत ना? बरंय की! आम्हाला कुठे वेळ आहे बघायला?"

थोड्याच दिवसांनी प्रिंटर पुन्हा अडकला. मृदुला टेबलाखाली शिरून वायर लावत होती. वरती क्लार्कने विचारलं, "सर, कॅमेऱ्यांचा पासवर्ड काय हो? मी विसरलो."

"अरे, अध्यक्षांचा वाढदिवस! विसरायचा प्रश्नच नको म्हणून तोच ठेवलाय."

"किती तारीख?"

"बाहेर फ्लेक्स बघ की!"

फ्लेक्स तर झाडाझाडावर होते. 'जंगलाचे लाडके नेतृत्व तरसराव यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.' खाली गवारेड्याच्या डोक्याएवढ्या आकड्यांत जन्मतारीख, सालासकट. त्याखाली चाळीस शुभेच्छुकांचे फोटो. वाढदिवस होऊन चार महिने झाले होते, पण फ्लेक्स उतरवायची हिंमत कोण करणार? कुंपणापलीकडे, जिथे बिबट्या राहतो, तिथेही दोन लावले होते.

टेबलाखाली मृदुलाचे सगळे काटे उभे राहिले.

तिने अर्ज लिहिला. सातवीत शिकवतात तसा, समास सोडून. 'विषय: कॅमेऱ्यांचा पासवर्ड सगळ्या जंगलाला माहीत असल्याबाबत.' पिल्लं घरी एकटी असतात, ती कधी एकटी असतात हे कोणीही बघू शकतं, म्हणून पासवर्ड आज बदलावा आणि कॅमेरे कायमचे बंद करावेत, असं तिने लिहिलं.

गवेसरांनी अर्ज दोनदा वाचला. "शेवटी 'आपली आज्ञाधारक' लिहिलेलं नाही."

"सर, मजकूर वाचलात का?"

"तुला पासवर्ड कसा कळला?"

"तुम्हीच ओरडून सांगितलात."

"म्हणजे चोरून ऐकलास." गवेसरांनी फुरफुरून खुर्ची मागे सरकवली. "दहावी संपतेय तुझी. दाखला कोण देणार? मीच. दाखल्यावर वर्तणुकीचा रकाना कोण भरणार? तोही मीच."

 नदीपलीकडे कॉम्प्युटरचं कॉलेज होतं. तिला तिथेच जायचं होतं. तिसरीपासून जायचं होतं. आणि ते कॉलेज दाखल्यावर 'वर्तणूक: चांगली' असल्याशिवाय फाटकाच्या आतही घेत नसे.

"अर्ज मागे घे," गवेसर म्हणाले. "मी 'चांगली' लिहितो."

आता, बाळांनो, शहाण्या मुलीने काय केलं असतं? बरोबर. पण गिरिजा अजून शाळेत आली नव्हती. मृदुलाने अर्ज मागे घेतला नाही.

मग संस्थेची सभा भरली आणि मृदुलाला तिथे बोलावलं. कार्यालयात तरसराव मधल्या खुर्चीत बसले.

"पोरी, माझा वाढदिवस बदलायला सांगतेस?"

"वाढदिवस नाही काका, पासवर्ड."

"अध्यक्षसाहेब म्हण. आणि पासवर्ड बदलला तर कार्यकर्त्यांच्या भावना दुखावतील, त्याचं काय? बरं, तू म्हणतेस तसं खरंच उघडतं का? दाखव उघडून."

"तुम्ही सांगताय म्हणून उघडू?"

"मी सांगतोय. सगळे साक्षीला आहेत."

मृदुलाने फ्लेक्सवरची तारीख टाइप केली. यादी उघडली. त्यात दोनशे चौदा नावं होती. गवेसर आणि तरसराव यांनीही शाळेचा एकेक लॅपटॉप घरी नेऊन ठेवला होता, आणि कॅमेरे जोडणाऱ्याला 'सगळे जोड' असं दोघांनीच बजावलं होतं.

"हा एक नंबर कोण?" तरसराव पुढे वाकले. "लाव बघू."

एक नंबरला गवेसरांचं घर होतं. गवेकाकू अंगणात बसून दहावीच्या सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासत होत्या. त्या एक उत्तरपत्रिका उचलायच्या, तिचं वजन हातावर बघायच्या आणि मार्क द्यायच्या. जास्तीच्या पुरवण्या त्या चघळत होत्या. एक पुरवणी तोंडात अर्धी दिसत होती. अक्षर मृदुलाचं होतं.

तरसराव खो खो हसले. तरस हसतात तसे हसले, खिडक्यांच्या काचा वाजेपर्यंत. "गवेसर, तुमच्याकडे भारीच तपासणी चालते! लाव गं, दोन नंबर लाव!"

मृदुलाने बोट पुढे केलं. तेवढ्यात दोन नंबर कोण, ते तरसरावांना आठवलं. हसू तिथेच अडकलं.

"बंद कर! आधी बंद कर!"

"काका, घरी काही लपवताय का?"

"अगं, घर आहे ते माझं! खाजगी आयुष्य म्हणून काही असतं की नाही माणसाला?"

"असतं ना. तेच तर अर्जात लिहिलंय."

सभा पाच मिनिटांत एकमताने संपली. यादीतून पहिली दोन नावं काढून टाकायचा ठराव झाला. उरलेली दोनशे बारा विकासासाठी ठेवली. पासवर्ड तोच राहिला. विद्यार्थ्यांनी फ्लेक्सवरची तारीख वाचू नये, अशी सूचना फळ्यावर लावली. नेमकी कुठली तारीख वाचायची नाही, ते मुलांना कळावं म्हणून तारीखही सूचनेत दिली.

निकाल लागले. मृदुला सराव परीक्षेत पुरवणीशिवायच पास झाली, आणि मग दहावीही. दाखला घ्यायला ती कार्यालयात गेली. वर्तणुकीच्या रकान्यात गवेसरांनी वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'इतरांच्या घरात डोकावते.'

मृदुलाने ते वाचलं. "सर, हे आरशात बघून लिहिलंत का?"

"उद्धट आहेस, हेही लिहिणार होतो," गवेसर म्हणाले. "जागा पुरली नाही."

नदीपलीकडच्या कॉलेजने दाखला वाचला आणि तो फाटकावरूनच परत दिला. त्याच महिन्यात अंजनमाळ विद्यालयाला 'सर्वांत सुरक्षित शाळा' म्हणून ढाल मिळाली. गवेसरांनी ती दोन्ही शिंगांवर तोलून फोटो काढला.

तात्पर्य: मुलांनो, घराच्या भिंतीला भोक पडलेलं दिसलं, तर लगेच ओरडू नका. आधी ते कोणी पाडलं याची चौकशी करा. लहानांनी पाडलं असेल, तर ते भोक असतं. मोठ्यांनी पाडलं असेल, तर त्याला खिडकी म्हणतात. आणि वारा आत येतोय असं जो सांगतो, त्याला चोर म्हणतात.