माझा पंथ आणि सहा सभासद

आमच्या बोरामचं एक लक्षण मला मेलीला अजिबात खपत नाही. ही माझी नात. विद्यापीठातल्या मुखवटा-नाच मंडळाची अध्यक्ष! आता अध्यक्ष कसा असावा? भोंग्यासारखा! आणि ही? मार्च महिना, नवी पोरं लोंढ्यानं फाटकातून आत येताहेत, दोन्ही बाजूंना मंडळांची टेबलं लागलीत, गिटारवाले बोंबलताहेत, तायक्वांदोवाले फळ्या फोडताहेत आणि आमच्या अध्यक्षबाई मान खाली घालून उभ्या. जणू कुणाच्या मयताला आल्यात!

मंडळात उरली होती चार माणसं. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत कचेरीत दहा नावं गेली नाहीत, तर मंडळ बंद आणि तळघरातली खोली बुद्धिबळवाल्यांना! बोरामच्या तोंडचं पाणीच पळालं होतं. कारण मुखवटा चढवला की हीच पोर असे टोमणे मारते, असे हातवारे करते, की माणसं पोट धरून हसतात. मुखवटा उतरवला की पुन्हा मुकी. खोली गेली असती, तर हिचा आवाज कायमचाच गेला असता.

"सहाच ना?" मी म्हटलं. "बत्तीस वर्षं मागच्या फाटकाशी खानावळ चालवतेय मी. घाईनं चाललेल्या माणसालासुद्धा बाकावर बसवून शेवयांचा गरम रस्सा पाजते. सहा पोरं म्हणजे माझ्या हातचा मळ!"

"आजी, तू येऊ नकोस ना गं."

"गप! बघ आणि शीक."

झालं! बुधवारी सकाळी जांभळं कापूस भरलेलं जाकीट चढवलं, पातीच्या कांद्याच्या धिरड्यांचा डबा काखोटीला मारला आणि फाटकाशी उभी राहिले. पहिलाच मुलगा आला, उंच, गोरा.

"अरे लेकरा!" मी गोड आवाजात म्हटलं. "काय भाग्य सांडतंय रे तुझ्या तोंडावरनं! वाडवडिलांची पुण्याई दिसतेय. चल माझ्याबरोबर, जेवायला घालते. फुकट!"

मुलगा थांबला. कमरेत वाकून नमस्कार केला आणि तसाच वाकलेला, खेकड्यासारखा मागे मागे सरकत पळाला!

लाजला असेल, मी म्हटलं. पुढच्या मुलीची बाही घट्ट धरली. "पोरी, पैसे नकोत, काही नको. फक्त नाव आणि फोन नंबर लिही. जागा जवळच आहे. तळघरात!"

"आजी, मला सोडा हो!" ती रडकुंडीला आली. "माझी आई चर्चमध्ये जाते!"

आता तिच्या आईच्या चर्चचा आणि नाचाचा काय संबंध? मी तिला तेच विचारणार होते, पण बाही झटकून ती केव्हाच पसार झाली होती. दुपारपर्यंत माझ्या चारी बाजूंना दहा-दहा हात मोकळी जागा! संसर्गाचा रोगी असल्यासारखी पोरं मला वळसा घालून जात होती.

शेवटी पहारेकरी चेभाऊ आले. आमचंच गिऱ्हाईक, पण चेहरा पोलिसाचा.

"बोरामच्या आजी, खरं सांगा. कुठला पंथ तुमचा?"

"पंथ? कसला मेल्याचा पंथ?"

त्यांनी मला फाटकावरची ताजी सूचना वाचून दाखवली. 'नव्या विद्यार्थ्यांनी सावध राहावे. जांभळ्या जाकिटातील वृद्धा चेहऱ्याची स्तुती करून, पूर्वजांची नावे घेऊन, फुकट जेवणाचे आमिष दाखवून तळघरात नेते.'

"पंथवाले अस्संच जाळं टाकतात," चेभाऊ म्हणाले. "आधी तोंडावरचं भाग्य, मग वाडवडील, मग जेवण. वर्षभरानं पोरगं घरदार सोडून यांच्यासाठी दारोदार वर्गणी मागत फिरतं. तुम्ही तर त्यांच्या गुरूसारखं बोलता हो!"

मी डबा उचलून तडक खानावळ गाठली. नवी नावं किती? शून्य! मंडळाची अब्रू मात्र अख्ख्या विद्यापीठात गेली. बोराम रात्री जेवलीसुद्धा नाही.

गुरुवारी मी माफी मागायला म्हणून धिरडी घेऊन तळघरात गेले, तर दारात सहा पोरं! केस चापूनचोपून बसवलेले, बोलणं नको तितकं नम्र. त्यांचा म्होरक्या, चष्मेवाला तेरिम, माझ्या जाकिटाकडे टक लावून बघत होता.

"आम्हाला सभासद व्हायचंय," तो म्हणाला. "इथले गुरू कोण?"

"अरे, कसले गुरू, इथं तर—" मी सुरुवात केली, तोच बोरामनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

ती हळूच म्हणाली, "आधी नाव, नोंदणी क्रमांक आणि सही. बाकीचं सराव सुरू झाल्यावर कळेल." आणि माझ्यापुढे खोल वाकून उभी राहिली, जणू गुरू मीच!

सहाजणांनी एकमेकांकडे बघितलं आणि पटापट सह्या केल्या. बोराम कागद घेऊन कचेरीत जाऊन आली, शिक्क्यासकट. मग शांतपणे कपाट उघडून तिनं तेरिमच्या हातात लाकडी मुखवटा दिला.

"हे काय? पंथ कुठाय?" तो किंचाळला. "आम्ही विद्यार्थी वार्तापत्राचे! तुमचा भांडाफोड करायला आलो होतो!"

"माहितीये," बोराम म्हणाली. "तू माझ्याच वर्गात मागच्या बाकावर बसतोस. आता सत्र संपेपर्यंत नाव काढता येत नाही. गुडघे वाकव. डावा पाय आधी."

पोरं घामाघूम होईपर्यंत नाचली, माझी धिरडी चाटूनपुसून खाल्ली आणि लंगडत गेली. मी दंड चोळत तशीच बसले होते. मग म्हटलं, "बोराम, तुला घुमी म्हणत मी अख्ख्या बाजारात फिरले, ते चुकलं. तू डांबरट आहेस, पक्की डांबरट! हे डोकं तुझ्या आजोबांकडून आलेलं नाही, हे मला ठाऊक होतं. माझ्याकडूनही नाही, हे आज कळलं!"