प्रमाण प्रेक्षक

आमच्या घरात कोणताही चित्रपट किंवा मालिकेचा भाग संपला, की आमचे हे एकच मत देतात : "बरा होता." खुनाचा असो, प्रेमाचा असो, की ज्यात नायक कोण हे शेवटपर्यंत ठरत नाही असा असो, मतात फरक पडत नाही. मत देण्याआधी एक डुलकी झालेली असते. पण डुलकी लहान-मोठी झाली तरी मत तेच राहतं, हे मी लग्नानंतर लवकरच तपासून पाहिलं. मला पहिल्यांदा भेटून हे घरी गेले, तेव्हा सासूबाईंनी "कशी वाटली?" असं विचारलं होतं. "बरी आहे," हे म्हणाले होते. सासूबाईंनी ही माहिती मला पुढे एका भांडणात पुरवली. तोवर मला ही मोजपट्टी कळली होती, म्हणून लागलं नाही.

यांचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा धरून "आता? आणि आता?" असं विचारायचं आणि संध्याकाळी सोफ्यावर बसून स्वतःचे डोळे मिटायचे, असा दिनक्रम. मी वजनमाप कार्यालयात निरीक्षक आहे. दुकानदाराचा किलो खरंच किलो आहे का, हे पाहणं माझं काम. आमची लेक दुसऱ्या शहरात मालिका लिहिणाऱ्यांच्या हाताखाली काम करते. लहानपणी तिने काढलेलं चित्र, पाठ केलेली कविता, पहिल्यांदा चालवलेली सायकल, सगळं यांच्या मते बरं होतं. मोठेपणी मनोरंजनाच्या व्यवसायात ती का गेली, याचं कारण मी कधी विचारलं नाही.

कोणता कार्यक्रम लोकांना कसा वाटला हे मोजण्यासाठी अभिप्राय मंडळ नावाची एक संस्था आहे. तिथली माणसं घरोघरी फोन करतात. यांना बरीच वर्षं फोन येत होते आणि हे बरीच वर्षं एकच उत्तर देत होते. मग एका रविवारी मंडळाचे समन्वयक स्वतः आले. हातात पेढे नव्हते, मोजपट्टी होती.

"अभिनंदन," ते मला म्हणाले. "तुमचे यजमान सरासरी निघाले."

"ते मला माहीत होतं."

"तसं नव्हे, बाई. अचूक सरासरी. देशातल्या सगळ्या प्रेक्षकांची मतं एकत्र केली, त्यांना भागलं, की दर वेळी जे उत्तर येतं, ते तुमचे यजमान आधीच देऊन बसलेले असतात."

यात आश्चर्य वाटण्यासारखं होतं. सरासरी कुटुंबात दीड मूल असतं. पण दीड मुलाला शाळेत सोडायला आलेले आईबाप मी पाहिलेले नाहीत. सरासरी माणूस फक्त हिशेबात असतो. मंडळाला तो सोफ्यावर सापडला होता, आणि तोही झोपलेला.

"आता लाखो लोकांना फोन करायची गरज नाही," समन्वयक म्हणाले. "यांना विचारलं की झालं. आजपासून हे प्रमाण प्रेक्षक."

"अहो, ऐकलंत का?" मी यांना हलवलं.

"बरा होता," हे म्हणाले.

समन्वयकांनी समाधानाने टिपून घेतलं.

माझ्या कार्यालयात काचेच्या घुमटाखाली एक प्रमाण किलो ठेवलेला आहे. त्याला बोट लावायचं नाही, कारण घामाने वजन वाढतं. पुसायचं नाही, कारण झिजतं. शक्यतो वापरायचंही नाही. त्यामुळे मंडळाने पुढे जे नियम लावले, ते मला एक निरीक्षक म्हणून पटत गेले. माझी अडचण फक्त बायको म्हणून होती.

आधी सोफ्याला 'प्रमाण' अशी पितळी पट्टी लागली आणि तो जागेवरून हलवायला बंदी आली. त्यापाठोपाठ उशीचा अभ्रा धुवायला. कार्यक्रम चालू असताना मी बोलायचं नाही, असं ठरलं. समन्वयक रोज संध्याकाळी वही घेऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसू लागले.

"बाई, मघाशी तुम्ही 'हा तोच ना, मागच्या वेळी मेलेला?' असं म्हणालात."

"मग? तो मेलेलाच होता."

"असेल. पण तुमच्या बोलण्याने प्रमाण जागं झालं."

नंतर चष्म्याचा प्रश्न आला. यांचा नंबर वाढला होता आणि यांनी स्वतःच्याच दुकानात नव्या काचा बसवायला घेतल्या होत्या. समन्वयक धावत गेले. सरासरी सापडली ती जुन्या चष्म्यातून, तेव्हा चष्मा बदलणं म्हणजे मापात फेरफार, असं त्यांनी समजावलं. गावाला चष्मे देणारा माणूस स्वतः धूसर पाहू लागला. गिऱ्हाइकाच्या नाकाऐवजी कानशिलाला काच लावण्याचे एक-दोन प्रकार घडले, पण मंडळाच्या दृष्टीने ती बाब किरकोळ होती.

प्रमाण एकदा ठरलं, की बाकीची मापं तपासावी लागतात. 'बरा' हे एकक झालं. 'अप्रतिम' म्हणजे साडेतीन बरे आणि 'भंगार' म्हणजे पाव बरा, असं कोष्टक निघालं. त्याहून जास्त किंवा कमी मत बाळगणाऱ्यांना मंडळ दुरुस्तीला बोलावू लागलं. आमच्या शेजारी एक निवृत्त मास्तर राहतात. कोणत्याही चित्रपटावर हा माणूस जिन्यात उभा राहून भांडायचा. एका भागावर "हा लेखक मला भेटला तर मी त्याच्या पाया पडेन आणि मग शेवटासाठी कानफटात देईन," असं ते म्हणाले. कोणीतरी कळवलं. मास्तरांना आमच्या सोफ्याशेजारी खुर्चीवर बसवण्यात आलं. एखादं लोखंडी वजन जड भरलं, की आम्ही त्याच्या पोटात भरलेलं शिसं काढतो. तसंच रोज थोडं थोडं मास्तरांचं काढलं. एकदा जिन्यात मी मुद्दाम विचारलं, "काय मास्तर, कालचा भाग?"

"बरा होता," मास्तर म्हणाले, आणि दार लावून घेतलं. त्या दिवसापासून जिना फार शांत झाला.

अशात लेकीचा फोन आला. तिने एकटीने लिहिलेला पहिला भाग लागणार होता.

"आई, बाबा बघतील ना?"

"अगं, बघणं ही आता त्यांची नोकरी आहे."

"तसं नाही गं. जागे राहून." ती म्हणाली. "त्यांना सांग, आवडला नाही तर नाही म्हणा. शिव्या द्या. पण ते 'बरा' नको. लहानपणापासून तेवढंच ऐकतेय."

तिची अडचण मी समन्वयकांच्या कानावर घातली. मुलीच्या कामावर बापाने मत देणं बरोबर नाही, तेवढ्यापुरतं दुसरं कोणी बघावं, असं सुचवलं.

"प्रमाणाला नातेवाईक नसतात," ते म्हणाले. "तुमच्या त्या किलोला आहेत का?"

मी चहा टाकायला गेले.

भाग लागला. एका चष्म्याच्या दुकानातली गोष्ट होती. एक लहान मुलगी उंच खुर्चीवर बसली आहे, नाकावर तपासणीची जड चौकट, समोर अक्षरांचा तक्ता. बाप एकामागून एक काचा बदलतो आहे. "आता? स्पष्ट की आधीचंच बरं?" मुलीला सगळं लख्ख दिसतं आहे. पण ती म्हणते, "सारखंच." बाप दुसरी काच घालतो. ती पुन्हा म्हणते, "सारखंच." कारण दिवसभरात बाप तिच्याकडे इतक्या जवळून, इतका वेळ, फक्त याच कामासाठी बघत असतो.

मी यांच्याकडे पाहिलं. हे जागे होते. चष्मा काढून अभ्र्याला पुसत होते, पुन्हा घालत होते, पण जुन्या नंबरातून दिसेना. मग हे उठले. सोफ्यावरून उठून पडद्यासमोर जाऊन जमिनीवर बसले, लहान मूल बसतं तसे.

"प्रमाण हललं!" समन्वयक कुजबुजले.

भाग संपला. समन्वयक वही घेऊन यांच्याशेजारी वाकले. "अभिप्राय?"

यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, मला माहीत होतं. ती खोटं सांगतेय हे मला तेव्हाच कळलं होतं. नंबर तर पहिल्याच काचेला मिळाला होता. मीच बदलत बसलो होतो काचा. उगाच."

"हे किती बरे धरायचे?" समन्वयकांनी विचारलं.

कोष्टकात ते बसेना. मंडळाची तातडीची बैठक फोनवरच झाली. निष्कर्ष साधा होता. प्रमाण चुकू शकत नाही. चुकलं तर आजवरची सगळी मापं चुकीची ठरतील. म्हणजे दोष भागात आहे. ज्या वस्तूमुळे प्रमाण बिघडतं ती वस्तू बाजारात ठेवता येत नाही, हा आमच्याही खात्याचा नियम आहे. मालिका बंद करावी लागणार होती.

"पण एक वाट आहे," समन्वयक यांना समजुतीने म्हणाले. ते काही वाईट गृहस्थ नव्हते. "पुन्हा सोफ्यावर बसा. मी पुन्हा विचारतो. तुम्ही नेहमीचे दोन शब्द म्हणा. मालिका चालू राहील, मुलीची नोकरी राहील, प्रमाण शाबूत. दोनच शब्द. आजवर हजारदा म्हटलेत."

हे सोफ्यावर बसले. तेवढ्यात फोन वाजला. लेकच होती, तिच्या कचेरीत बातमी पोचली होती. मी फोन यांच्या कानाला लावला. आवाज मोठा होता, सगळ्यांना ऐकू येत होतं.

"बाबा, म्हणून टाका. मला चालेल."

समन्वयकांनी पेन सरसावलं. "अभिप्राय?"

हे समन्वयकांकडे बघत नव्हते. फोनमध्ये बोलले.

"मला रडू आलं गं. आणि तो शेवट जरा लांबला. पण ती उंच खुर्ची अगदी आपल्या दुकानातल्यासारखीच... फार, म्हणजे फारच चांगला होता. मला पुन्हा बघायचाय."

पलीकडून लेक म्हणाली, "शेवट लांबलाय? खरंच?"

"हो. थोडा."

"थँक यू, बाबा."

मालिका दुसऱ्या दिवशी बंद झाली. तिच्या जागी एक जुनी मालिका पुन्हा दाखवतात. ती बरी आहे. यांचं प्रमाणपत्र रद्द झालं आणि सोफ्याला लावलेली पितळी पट्टी समन्वयकांनी स्क्रू काढून परत नेली. मास्तर जिन्यात पुन्हा बोलू लागतील असं मला वाटलं होतं. पण ते अजून आधी इकडेतिकडे बघतात.

लेक सध्या घरीच आहे. नोकरी शोधते आणि दुपारी दुकानात बसते. परवा मी डबा घेऊन गेले, तर हे उंच खुर्चीवर बसलेले, नाकावर जड चौकट, आणि ती समोर उभी राहून काचा बदलत होती.

"आता, बाबा?"

"सारखंच."

"आणि आता?"

"सारखंच दिसतंय गं. दुसरी घाल."

मागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला तक्ता मला दारातूनही वाचता येत होता. मी डबा ठेवला आणि परत आले.

समन्वयक अधूनमधून रस्त्यात भेटतात. मंडळ नवीन प्रमाणाच्या शोधात आहे. या वेळी त्यांनी पद्धत बदलली आहे. फोन करत नाहीत, एखादी गोष्ट लोकांच्या हाती देतात, ती वाचून होईपर्यंत कोपऱ्यात थांबतात आणि नंतर सहज विचारतात, "कशी वाटली?" उत्तर जुळलं, की मोजपट्टी बाहेर येते.

तुम्ही इथवर वाचलंत. मध्ये एकदा दुसरीकडे लक्ष गेलं होतं, पण ते चालतं, सरासरीत धरलं जातं. आता कोणी विचारलं तर काय सांगणार आहात, ते मला सांगू नका. फक्त सांगण्याआधी, सोफा हलवायचा असेल तर हलवून घ्या.