सरळ रेषेचे लांजेवार

आमचे शेजारी लांजेवार कोणाकडेही गेले की आधी भिंतीवरचे फोटो सरळ करतात, मग बसतात. प्लांटात फिटर होते. मोटर आणि पंप एका रेषेत बसवायचे, हाच जन्मभराचा उद्योग. रिटायर झाले, पण नजर काही रिटायर होईना. माझ्या मुलीच्या लग्नात ऐन अक्षतांच्या वेळी माझ्या कानाशी आले, "भाऊ, स्टेज नवरदेवाकडून अर्धा इंच खाली आहे." आता काय बोलणार, सांगा!

मग त्यांच्या बायकोचा, आमच्या शांतावहिनींचा, गुडघा बदलायचं ठरलं आणि या गृहस्थांनी मला सळो की पळो केलं. डॉक्टरांनी दोन पद्धती सांगितल्या होत्या. एक जुनी, हाडात सळई घालून, साच्याने मोजून हाड कापायचं. दुसरीत कंप्युटर पडद्यावर रेषा दाखवतो. झालं! दिवसातून तीनदा माझ्या दारात.

"भाऊ, सळईले का समजते? हाडच वाकडं असंल तं?"

"मग कंप्युटर करा."

"अन् त्याचा सेन्सर हालला तं?"

चहा अर्धा टाकून चालते व्हायचे. दुर्गच्या दुसऱ्या डॉक्टरांनाही विचारून आले, तरी चैन नाही. एके सकाळी तर वहिनींना दाराच्या चौकटीत उभं केलं आणि कमरेपासून घोट्यापर्यंत ओळंबा सोडला. "अवो, मी पंप आहो का?" वहिनी कडाडल्या. मी हसून हसून बेजार.

ती मापं कागदावर लिहून त्यांनी डॉक्टरांपुढे ठेवली. मी सोबत होतो, लाजेने अर्धा झालो. डॉक्टर भला माणूस, हसला नाही. म्हणाला, "काका, कंप्युटर रेष जास्त नेमकी दाखवतो. पण पुढे चालण्यात फार फरक पडेलच असं नाही. माझा हात साच्यावर बसलाय."

"हात बसला ना? मंग साच्यानंच करा," लांजेवार म्हणाले आणि त्यांनी सही केली.

वाटलं, सुटलो. पण ऑपरेशनच्या दिवशी हा माणूस बाहेर येरझाऱ्या घालत राहिला. शेवटी मी वैतागलो, "अहो, बसा! आता कशाची काळजी?"

बसले. 

"भाऊ, साऱ्या प्लांटातलं वाकडं मले दुरून दिसे. हिचा पाय घरातच वाकडा होऊन राहिला, तो नाही दिसला."

मी पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी तशीच बाजूला ठेवली.

"ती रोज सांगे, दुखून राहिलं. मी म्हणो, तेल लाव."