मुक्त प्रबंधांची हजेरी

ही गोष्ट शपथेवर खरी आहे. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. म्हणजे त्या दिवशी मी सासुरवाडीला होतो, पण पाहिली. आमच्या कॉलेजचे एक्केचाळीस पीएच.डी. प्रबंध सोमवारी सकाळी ग्रंथालयातून चालत निघून गेले.

चूक परिपत्रकाची. त्यात लिहिलं होतं, ‘सर्व प्रबंध त्वरित मुक्त करावेत.’ शिपाई हैबतीमामांनी कपाटांची कुलपं काढली आणि ते अदबीने बाजूला उभे राहिले.

“अहो मामा, मुक्त म्हणजे स्कॅन करून नेटवरच्या भांडारात ठेवायचे! कुणालाही फुकट वाचता येतील असे!” ग्रंथपाल सुमेधाबाईंनी कपाळाला हात लावला.

“कागदावर तसं नव्हतं, बाई. अन् पळून नाही गेले. गेटवर सह्या करून गेलेत.”

भुईमुगाच्या टिक्का रोगावरचा प्रबंध एका शेतावर पोचला होता. उखाण्यांवरचा मंगल कार्यालयात पंगतीला बसला होता. मागे राहिला एकच, सुमेधाबाईंचा स्वतःचा. सात वर्षं खपून लिहिलेला: ‘ग्रामीण वाचनालयांतून न परतलेली पुस्तके’. दार सताड उघडं, आणि हा फळीवरच.

“तू रे का नाही गेलास?” बाईंनी हळूच विचारलं.

“कुणाकडे जाऊ?” तो म्हणाला.

बाईंना ते फार लागलं. चौदा वर्षांत त्याला एकानेही मागितलं नव्हतं. देवघेवीचं रजिस्टर त्याच तर लिहीत.

तेवढ्यात प्राचार्य थोरबोले येऊन खुर्चीत कोसळले. “गुरुवारी तपासणी समिती येतेय, अन् भांडारात टाकायला एक प्रबंध नाही! न परतलेल्या पुस्तकांचं करतात काय, कुणाला ठाऊक आहे का?”

प्रबंधाने अंगावरची धूळ झटकली, फळीवरून उतरला आणि सरांच्या मांडीवर जाऊन बसला.

सरांनी डबा न उघडता तो वाचला, तळटीपांसकट. मधेच बाईंसाठी चहा सांगितला. उपाय पाचव्या प्रकरणात होता: परत या म्हणू नये, भेटून जा म्हणावं.

तशी नोटीस लागली. बुधवारी झाडून सगळे आले, रांगेत स्कॅन झाले आणि आपापल्या वाचकांकडे परतले. भुईमूगवाल्याने तर पुढचा नंबर मागून घेतला. त्याची फवारणी खोळंबली होती. समितीने शेरा दिला, ‘भांडार समाधानकारक. मूळ प्रती जागेवर नाहीत, ही बाब कौतुकास्पद.’

सुमेधाबाईंचा प्रबंध अजून सरांच्याच घरी आहे. सर परत करत नाहीत, बाई मागत नाहीत.

यात मी पदरचं एकच घातलंय: चहा. सरांनी दुसऱ्यासाठी चहा सांगितला, असं आमच्या कॉलेजात कधी घडलेलं नाही.