मुंग्या आणणाऱ्या इंदूअक्का

इंदूअक्कांकडे गेलं की चहाच्या आधी फूल मिळतं. केसांत माळायला नव्हे, चावायला.

पिवळं, बटणाएवढं. ‘स्वल्प मुंग्या येतील, घाबरू नको,’ म्हणत त्या समोर बसतात. जीभ झिणझिणते, तोंडाला पाणी सुटतं, मग ओठ आपले की शेजाऱ्याचे तेच कळेनासं होतं. मी पुण्याहून बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये राहायला आले, त्याच दिवशी त्यांनी मला हे खिलवलं आणि नाव विचारलं. मला माझंच नाव सांगता येईना. अक्का खूश! ‘यंदा झाड झकास लागलंय!’

ते फूल अक्कलकाढ्याचं. दात दुखला की खेड्यात चावतात. निपाणीच्या अक्का इथल्या एका प्रयोगशाळेत त्यातलं बधिर करणारं द्रव्य वेगळं काढून तोंडात लावायचं जेल बनवत होत्या. घरीही गच्चीभर कुंड्या. वॉचमन, कुरिअरवाला, कुणी सुटलं नव्हतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरींचं भाषण लांबलं की लोक अक्कांकडे आशेनं बघायचे.

फूल मिळत नसे ते फक्त त्यांच्या यजमानांना. रघुअण्णांच्या चेहऱ्याची नस दुखायची. चावलं, बोललं की गालातून वीज गेल्यासारखी कळ. गोळ्यांनी थोडं निभायचं, पण हा गप्पिष्ट माणूस मोबाईलवर लिहून बोलू लागला होता. एकदा त्यांनी लिहून दाखवलं, ‘मला ते जेल दे.’

‘चाचणी पुरी झाल्याशिवाय नाही,’ अक्का म्हणाल्या. ‘तुमच्यावर प्रयोग करायचा धीर नाही हो मला.’ आणि आत गेल्या. बराच वेळ नळ नुसता वाहत होता.

यंदा चाचणी पुरी झाली. बऱ्याच जणांना जेल लागू पडलं. अण्णांच्या डॉक्टरांनी गोळ्या चालू ठेवून लावून बघायला सांगितलं. काही दिवसांनी सकाळीच माझं दार धडधडलं.

‘चल, चल! भांडायला लागलेत की माझ्याशी!’

अण्णा ताटासमोर बसलेले. आवाज घोगरा, शब्द जपून टाकलेले, पण सूर खणखणीत. ‘उप्पिटात मीठ नाही. कालही नव्हतं. दिवाळीतही नव्हतं.’

चाचणीचा निकाल शांतपणे सांगणाऱ्या अक्का आता डोळे पुसत हसत होत्या. खुर्ची ओढून त्या अण्णांच्या अगदी समोर बसल्या.

‘आणखी काय काय चुकतं माझं? सांगा की. सावकाश सांगा.’