तातू मेस्त्रींची भियेलल्यांची शाळा

तातू मेस्त्रींकडे गाडी नाही, पण हेल्मेट आहे. माडांखालून चालताना ते डोक्यात असतं. वाटेत कोणी भेटलं की आधी ओरडणार, "वर बघ गो, वर!" विजेला ते भितात, गॅसच्या सिलिंडरला भितात. मोबाईल खिशात फुटेल म्हणून पिशवीत ठेवतात, आणि तो वाजला की पिशवी अंगणात टाकून लांब उभे राहतात. सगळी वाडी हसते. मीही हसायचे.

मग आमच्या ह्यांची होडी उलटली. पोहत किनाऱ्याला लागले, पण घरी आला तो दुसराच माणूस. समुद्राकडे पाठ करून बसायचे. आंघोळीचा तांब्या डोक्यावर ओतला तरी श्वास कोंडायचा. मी मासळी विकायला बाहेर पडले की एकच विचार पाठ सोडायचा नाही. परत येईन तेव्हा हे घरात असतील ना? शहरातल्या डॉक्टरांची फी परवडेना. सासूबाई म्हणाल्या, "खंय बोला नको. लोक पिसो म्हणतले." मुलाला कोणी वेडा म्हणू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

एका दुपारी तातू दारात आले. "बुधवारी घोवाक घेऊन माझ्या शाळेत ये."

त्यांची शाळा म्हणजे गणपतीच्या मूर्ती घडवायची शेड. चतुर्थीचे दिवस सोडले तर रिकामीच. तातूंनी गळ घातल्यामुळे कुडाळच्या एक समुपदेशक बाई दर बुधवारी तिथे येऊ लागल्या होत्या. जागा आणि माती तातूंची. बाईंना ज्याने त्याने जमेल ते द्यायचं, कोणी नारळ, कोणी सुके बांगडे.

"थंय पिसे येतत?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"पिसे नाय गो, भियेलले."

बाई हातात मातीचा गोळा देत आणि गप्प बसत. आमचे हे कित्येक बुधवार तो नुसता दाबत राहिले. मग एकदा होडी केली, उलटी. बाईंनी विचारलं, "हिच्याखाली कोण आहे?"

"मी," हे म्हणाले, आणि ढसाढसा रडले. त्या रात्री त्यांना झोप लागली.

पावसाळ्यात मूर्तींची कामं सुरू झाली. शेडमध्ये पाय ठेवायला जागा उरेना. आता बुधवार बंद पडणार असं मला वाटलं.

"माझ्या घरात बसूया," तातू म्हणाले.

बायको गेल्यापासून तातूंनी त्या घराला कुलूप घातलं होतं. ते शेडमध्येच रांधत, मूर्तींमध्येच झोपत. कोणी विचारलं तर म्हणत, "घराक ओल इली हा."

पुढच्या बुधवारी तातू त्या दारापुढे उभे राहिले, पण किल्ली कुलपात जाईना. तेव्हा आमचे हे पुढे झाले आणि त्यांनी तातूंचं मनगट धरलं.

"माका भिया वाटता रे," तातू पुटपुटले.

"माका पण वाटता. चला."

आत कोंदट अंधार होता. आम्ही खिडक्या उघडल्या. माजघरातल्या दांडीवर एक हिरवं लुगडं वाळत घातलेलं तसंच होतं. तातूंनी ते हलकेच काढलं, घडी घातली, मांडीवर घेऊन बाईंसमोर बसले.

"ही सुनंदा," ते म्हणाले. "हिच्याबद्दल माका कोणी कधी इचारल्यानच नाय."